पिशवीसह जाताना पाहिले

आमच्या गल्लीत बंड झालं तेव्हा मी बंडखोरांच्या बाजूनं होते, हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे सांगणार आहे ते वाचल्यावर कुणाचा यावर विश्वास बसायचा नाही, म्हणून आत्ताच.

पुंडलिकनगरातली आमची गल्ली म्हणजे बावीस घरं, एक मारुतीचं देऊळ, एक मोकळा प्लॉट आणि एक बोअर. नळाचं पाणी इथं आठवड्यानं येतं, तेही त्याला वाटलं तर. त्यामुळं देव म्हणावा तर मारुतीच्या आधी बोअरच. त्या बोअरच्या मोटारीला एक खोली आहे, खोलीला कुलूप आहे आणि त्या कुलपाची किल्ली सोळा वर्षं एकाच माणसाच्या कमरेला लटकत होती. ते आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. दरवर्षी सभा व्हायची. अध्यक्ष विचारायचे, "मंजूर?" आणि आम्ही चहाच्या कपाकडं बघेपर्यंत तेच म्हणायचे, "मंजूर." असे ते सोळा वेळा बिनविरोध निवडून आले होते.

माणूस वाईट नव्हता, पण किल्ली वाईट असते. सकाळी मोटार सुरू झाली की पहिलं पाणी त्यांच्या हिरवळीला. एप्रिलमध्ये आमच्या कुंड्या वाळून कोळ झालेल्या आणि अध्यक्षांच्या अंगणात गवत पोटरीला लागायचं. कुणी तक्रार केली की दुसऱ्या दिवशी मोटार 'गरम' व्हायची. तरीही चाललं होतं. मग एकदा ते गावाकडं लग्नाला गेले आणि किल्ली कमरेलाच राहिली. तीन दिवस गल्ली कोरडी. तिसऱ्या दिवशी मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, रस्त्यावर टँकरपुढं हंडा घेऊन उभी होते आणि माझाच एक जुना विद्यार्थी टँकरवरून म्हणत होता, "बाई, लाइनीत या." त्याच दिवशी माझ्या डोक्यात बंड शिरलं.

पुरुषांचं बंड तर दहा वर्षांपासून चालू होतं, पण ते पानटपरीच्या पुढं सरकत नव्हतं. आम्ही बायकांनी ते हातात घेतलं. आमच्या गल्लीत एक निवृत्त पोलीस जमादार राहतात. त्यांनी कायदा सांगितला की दोनतृतीयांश घरांच्या सह्या दिल्या की अध्यक्षाला खास सभा घ्यावीच लागते. कायदा खरंच तसा आहे का हे कुणी तपासलं नाही. जमादार बोलतात तेव्हा तपासायची सोय नसते.

अडचण एकच. अध्यक्षांच्या ओट्यावर झोपाळा आहे आणि झोपाळ्यावर अध्यक्ष आहेत. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कोण कुणाच्या घरी गेलं, किती वेळ बसलं, येताना तोंड कसं होतं, सगळं त्यांना ठाऊक. एकवीस घरांत कागद फिरवायचा कसा? तेव्हा मी म्हटलं, संक्रांत आलीच आहे, माझ्याकडं हळदीकुंकू ठेवू. बायका उजळ माथ्यानं येतील, वाण घेऊन जातील, आणि वाणाच्या पिशवीत तळाशी कागद. घरी जाऊन सही करायची आणि दुसऱ्या दिवशी विरजण मागायच्या निमित्तानं वाटीखाली धरून परत आणायचा. कल्पना माझी होती आणि मला तिचा लई गर्व होता. चार दिवस मी आरशात बघून केस विंचरताना स्वतःलाच सेनापती म्हणत होते.

कोपऱ्यावरच्या दुकानातून एकवीस झेरॉक्स काढल्या. माझ्या घरची धरून एकवीस पिशव्या भरल्या. प्रत्येकीत चहाची गाळणी, तिळगुळाची पुडी आणि खाली घडी घातलेला कागद. वरून बघितलं तर मारुतीलासुद्धा शंका आली नसती.

आता हळदीकुंकवाचं बोलावणं कसं असतं ते बायकांना सांगायला नको, पुरुषांसाठी सांगते. कुंकवाचा करंडा घ्यायचा, गल्लीच्या एका टोकाला सुरुवात करायची आणि एकेका उंबऱ्याला बोट लावून "आमच्याकडं या बरं का" म्हणत दुसऱ्या टोकाला निघायचं. मधलं घर वगळत नाहीत. सवाष्णीला वगळलं तर तो तिचा अपमान आणि आपल्याला पाप, दोन्ही एकदम. तीस वर्षं मी असंच बोलावणं केलं आहे. त्या दिवशीही केलं. अध्यक्षीणबाईंच्या उंबऱ्याला बोट लावलं, "या बरं का" म्हटलं, त्या गुडघा चोळत गोड हसल्या, आणि मी पुढच्या घराच्या फाटकाला हात लावला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो.

कपाळावर हात मारला, करंड्यासकट. सगळा पदर लाल झाला.

कुणाला सांगितलं नाही. जमादारीणबाईंनी मला अध्यक्षांच्या दारात बघितलं होतं, त्यांना म्हटलं, मुद्दामच बोलावलं, संशय नको यायला. त्यांना ते एवढं पटलं की मलाही पटलं. शिवाय अध्यक्षीणबाईंचे गुडघे असे की त्या दोन वर्षांत फाटकाबाहेर आल्या नव्हत्या. त्या येणार नव्हत्याच आणि आल्याही नाहीत.

हळदीकुंकू मात्र झकास झालं. झोपाळ्यावरून अध्यक्ष बघत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना सांगत होते की संस्कृती जपली पाहिजे. बायका हो म्हणून, पिशवी छातीशी धरून, हसू दाबत पुढं जात होत्या. वीस पिशव्या गेल्या. शेवटच्या घरातली बाई जालन्याला माहेरी गेली होती, तिची एक उरली.

आणि इथं मामा येतात.

मामा आमचे शेजारी. त्यांच्या आमच्यात कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवरून वीस वर्षं वाटीनं कालवण, चमच्यानं विरजण आणि तोंडानं गल्लीच्या बातम्या जात आल्या आहेत. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस. त्यांचे वडील दर उन्हाळ्यात अध्यक्षांच्या वडिलांच्या वावरात मेंढरं बसवायचे. रानाला खत व्हायचं आणि त्यांना ज्वारी मिळायची. मामांनी ते सोडलं, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात उभं आयुष्य काढलं, आमच्या गल्लीत अध्यक्षांच्या एवढाच प्लॉट घेतला, घर बांधलं. मेंढरं गेली तरी घरामागं दोन शेळ्या आहेतच. सगळी गल्ली त्यांना अहोजाहो करून मामा म्हणते. अध्यक्ष मात्र त्यांना अजून "अरे" म्हणतात. मामा त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे आहेत.

मामांनी आमच्या बंडाला हो म्हटलं नव्हतं आणि नाही पण म्हटलं नव्हतं. कारण त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न फेब्रुवारीत होतं. मांडव मोकळ्या प्लॉटवर घालायचा तर परवानगी अध्यक्षांची, आणि त्या मांडवात जेवायला, राबायला, आहेर करायला माणसं म्हणजे आम्ही. दोन्ही पाहिजे होतं. मला म्हणाले होते की लेक एकदा सासरी जाऊ द्या, मग सही काय, आंगठा बी देतो. मला ते तेव्हा बरोबरच वाटलं होतं.

तर त्या दिवशी बायका गेल्यावर मी चटई गुंडाळत होते. मामा धुतलेला सदरा घालून निघालेले दिसले. कुठं, विचारलं. अध्यक्षांकडं, मांडवाचं विचारायला. माझी नजर त्या उरलेल्या पिशवीवर गेली. आणि हात, मेला, सवयीचा. बोलावलेली सवाष्ण आली नाही तर तिचं वाण तिच्या घरी पोचवायचं असतं, घरात ठेवून घ्यायचं नसतं. मी भिंतीवरून पिशवी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, मामा, तिकडं चाललाच आहात तर अध्यक्षीणबाईंना एवढं वाण द्या.

मामा पिशवी घेऊन गेले. मी चहा ठेवला. नव्या गाळणीनं गाळला. मला काहीसुद्धा आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ओट्यावर अध्यक्ष उभे होते, झोपाळ्यावर नव्हते, म्हणजे प्रकरण मोठं होतं. हातात कागद. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं की त्यांच्या जिवावर पाणी प्यालेली वीस घरं बेइमान निघाली. "एक मामा तेवढा इमानाला जागला," ते म्हणाले. "कागद स्वतः आणून दिला त्यानं." मग त्यांनी मोटारीच्या खोलीला दुसरं कुलूप लावलं, पहिल्याहून मोठं.

मी भाकरी थापत होते. परातीतलं पीठ तसंच राहिलं आणि तव्यावरची भाकरी जळाली. जालन्याला गेलेल्या बाईची पिशवी. तळाशी कागद. बंडाची सेनापती स्वतःच्या हातानं शत्रूच्या घरी जाहीरनामा पाठवून, वर तिळगूळ घालून, मोकळी झाली होती.

तेवढ्यात पानटपरीवर निकाल लागलासुद्धा. मामा फितूर. पुरावे काय कमी होते? पिशवी घेऊन जाताना त्यांना चौघांनी बघितलं होतं. ओट्यावर बसून चहा पिताना सहाजणांनी बघितलं होतं. अध्यक्षांनी भर गल्लीत शाबासकी दिली होती. आणि कुणीतरी ते मेंढरांचं काढलंच, की ज्यांच्या वावरात बापानं मेंढरं बसवली त्यांचंच हा ऐकणार. ते वाक्य ज्यानं म्हटलं त्याच्या घरी मामांनी पोराच्या ऑपरेशनला तीन रात्री उशाशी बसून काढल्या होत्या. पण वाक्य एकदा टपरीवर पडलं की उचलून परत कुणी देत नाही.

जमादारांनी तपास हातात घेतला. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, बिचाऱ्यांना कुणी तपासच देत नव्हतं. त्यांनी लांबडी वही आणली, कार्बन पेपर आणला, व्हरांड्यात टेबल टाकलं आणि घरटी एकेकाचा जबाब नोंदवायला सुरुवात केली. जबाब म्हणजे खरोखरचा जबाब, "समक्ष हजर राहून विचारल्यावरून लिहून देतो की" इथपासून "वाचून दाखवला, तो माझे सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे" इथपर्यंत.

माझा नंबर गुरुवारी लागला. मी शेजारीण, म्हणजे मुख्य साक्षीदार. जाताना मी ठरवलं होतं की सगळं सांगून टाकायचं. नऊवारी नेसावी तसं मन घट्ट खोचून गेले होते. जमादारांनी विचारलं, सदर इसम कोणाच्या बाजूचा आहे? मी म्हटलं, मामा फार चांगला माणूस आहे. ते म्हणाले, मॅडम, चांगला आहे हे लिहायला इथं जागा नाही. मग त्यांनी विचारलं, सदर दिवशी सदर इसमास पिशवी घेऊन जाताना पाहिलं का?

पाहिलं होतं. मी म्हटलं, पाहिलं.

त्यांनी लिहिलं, "पिशवीसह जाताना पाहिले." आणि वही माझ्यापुढं फिरवली. पिशवी कुणी दिली, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. मी सही केली. एकतीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलेली मी, व्हरांड्याच्या तीन पायऱ्या उतरले तेव्हा मला स्वतःची एवढी शिसारी आली की घरी जाऊन मी नुसतीच बसून राहिले.

आमचे हे संध्याकाळी आले. त्यांना सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचतात तेव्हा गल्लीत आग लागली तरी पान उलटून होईपर्यंत थांबतात, पण त्या दिवशी त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, सांगणार कधी? मी म्हटलं, लोक विसरतील हो चार दिवसांत. ते म्हणाले, "मामा विसरतील का?" आणि पेपर पुन्हा वर घेतला. नवऱ्यानं वर्षातून एकदाच शहाणपणा करावा आणि तो नेमका अशा वेळी करावा, याचा मला भयंकर राग आला.

लोक काही विसरले नाहीत. उलट ठरलं की मामांच्या लेकीच्या लग्नाला गल्लीतलं कुणी जायचं नाही. वाळीत टाकणं हा शब्द कुणी वापरला नाही, शिकलेली माणसं आहेत सगळी. फक्त 'आपण कशाला जायचं' एवढंच म्हणायचे. मामांचा राम राम घेणं बंद झालं. दूधवाला मात्र रोज थांबून बोलायचा, त्याला बंडाचं काही माहीत नव्हतं.

मग शनिवार उजाडला. लग्नाची हळद फोडायला पाच सवाष्णी लागतात. मामींनी आदल्या दिवशी पाच घरी जाऊन सांगितलं होतं, त्यात पहिलं घर माझं. मी "येते की" म्हटलं होतं. अकरा वाजता भिंतीपलीकडं त्यांनी सतरंजी घातली, उखळ ठेवलं, मुसळाला हळदीकुंकू लावलं, पाच पाट मांडले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. जावं असं पाय म्हणत होते. पण एकटीच गेले तर टपरीवर माझंही नाव निघालं असतं, आणि मग पिशवीचंही निघालं असतं. मी मिक्सर लावला. शेंगदाण्याचं कूट करायचं होतं म्हणून नव्हे, आवाज पाहिजे होता म्हणून.

मिक्सर तरी किती वेळ चालवणार? बंद केला तेव्हा पलीकडून मुसळाचा आवाज येत होता. एकाच मुसळाचा. मामी एका पाटावर बसून एकट्याच घाव घालत होत्या आणि नवरीमुलगी उखळ धरून बसली होती. नवरीनं स्वतःच्या हळदीला हात लावायचा नसतो. बाकीचे चार पाट तसेच रिकामे. मला रडू आलं आणि रडायचीही लाज वाटली. कूट एवढं बारीक झालं होतं की त्याला तेल सुटलं होतं.

रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात जमादारांनी जबाब वाचायला सगळ्यांना बोलावलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मामा मागच्या खांबाला टेकून बसले होते. कहर म्हणजे अध्यक्षही आले, खुर्ची घरून घेऊन आले. आपल्याविरुद्धच्या बंडाचा तपास बघायला त्यांच्याएवढं खुशीत कुणी नव्हतं.

जमादार एकेक जबाब वाचत गेले. माझाही वाचला. "पिशवीसह जाताना पाहिले" म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघून मान डोलावली, चांगल्या साक्षीदाराला डोलवावी तशी. शेवटी मामांचा जबाब. तो चारच ओळींचा होता. पिशवी नेली हे खरं. आत काय होतं ते माहीत नव्हतं. चहा घेतला. "पिशवी कोणी दिली असे विचारले असता सांगत नाही."

सभामंडपात हशा पिकला. कुणी म्हणालं, सांगणार कसा, दिलीच नाही कुणी. जमादारांनी पेनाचं टोपण काढलं आणि निकाल लिहायला वहीचं पान उलटलं. मामांनी मान वर केली नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी कदाचित आणखी थोडा वेळ बसून राहिले असते.

मी उठले. "ती पिशवी मी दिली," म्हटलं. "भिंतीवरून, माझ्या हातानं."

मग थांबताच येईना. उंबऱ्याचं बोट, जालन्याची बाई, उरलेलं वाण, सवयीचा हात, सगळं सांगितलं. मिक्सरचंही सांगितलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

जमादार गोंधळले होते, कारण निकालाच्या पानावर त्यांनी तारीख आधीच घातली होती. पण पोलिसातला माणूस, सावरला. म्हणाले, मग तो कागद मुद्देमाल म्हणून जमा करावा लागेल. अध्यक्षांनी खिशातून कागद काढून ऐटीत दिला. घ्या म्हणाले, वाचा, आणि सगळ्यांना ऐकवा माझ्याबद्दल काय काय लिहिलंय. जमादारांनी चष्मा लावला. वरून खाली वाचत गेले आणि खालच्या बाजूला थांबले. कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"साहेब," ते म्हणाले, "घर कुणाच्या नावावर आहे आपलं?"

मंडळींच्या, अध्यक्ष म्हणाले.

"त्यांनी सही केलीय."

अध्यक्षीणबाईंनी वाण मिळालं त्याच संध्याकाळी कागद नीट वाचला होता, सही केली होती आणि परत पाठवायला म्हणून रिकाम्या पिशवीतच घडी करून ठेवला होता. अध्यक्षांना तो सापडला, पण त्यांनी वरच्या दोनच ओळी वाचल्या. तिसरीपर्यंत त्यांना एवढा राग आला की खालपर्यंत ते पोचलेच नाहीत. सोळा वर्षांत घरातून आलेली ही पहिलीच नामंजुरी. त्यांनी खुर्ची घडी केली आणि निघून गेले. सभामंडप असा हसला की पुजारी आतून घंटा वाजवायला लागले.

बंडाचं काय झालं ते एवढ्यातच सांगते. सह्या पुऱ्या झाल्या, खास सभा झाली, अध्यक्ष बदलले. आता जमादार अध्यक्ष आहेत. किल्ली त्यांच्या गळ्यात शिट्टीच्या दोरीला असते आणि त्यांच्याकडं हिरवळ नसली तरी पपईची झाडं आहेत. पपया चांगल्या धरतात. मामांच्या लेकीचं लग्न मोकळ्या प्लॉटवरच झालं, सगळी गल्ली जेवली, आणि सर्वांत जास्त जिलबी ज्यानं खाल्ली तो मेंढरांचं काढणाराच.

पण त्या रविवारचं अजून थोडं राहिलं आहे. हसून झाल्यावर बायका माझ्याभोवती जमल्या. कुणी पाठीवर हात फिरवला, कुणी म्हणालं, "अहो बाई, सवयीचा हात, त्याला कोण काय करणार." जमादारीणबाई म्हणाल्या की वाण कुणी अडवून ठेवतं का, मी तरी दिलंच असतं. दोन मिनिटं, फार तर तीन, आणि मला माफ झालं होतं. चहासुद्धा आला. कप हातात घेतला तेव्हा मला कळलं की गल्लीचा जो कागद गेला तो एकच, ज्या पिशवीतून गेला ती एकच, पण माझ्या हातून गेला तर ती चूक आणि मामांच्या हातून गेला तर ती फितुरी. मी खांबाकडं बघितलं. मामा तिथं नव्हते. ते कधी उठून गेले ते कुणी बघितलं नव्हतं, जबाब देणाऱ्या गल्लीत एकानंही नाही.

मी चहा तसाच ठेवून घरी आले आणि भिंतीला वळसा घालून त्यांच्या दारानं आत गेले. वीस वर्षांत भिंतीवरूनच बोललो होतो, दारानं जायची वेळ फारशी आली नव्हती. मामा मागच्या अंगणात शेळ्यांना सुबाभळीचा पाला टाकत होते. मामींनी मला बघितलं आणि पाट पुढं सरकवला, कालच्या चार पाटांतलाच एक असणार. मी बसले नाही. हात जोडले. चुकले म्हटलं. मामा म्हणाले, असू द्या, होतंय.

त्यांनी मला बोलून घ्यावं, चार शब्द सुनवावेत असं मला फार वाटत होतं. म्हणून मीच विचारलं की तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं पिशवी माझी आहे, मग तुम्ही नाव का नाही सांगितलं? मला वाटलं होतं, मामा म्हणतील की शेजारधर्म, म्हणतील की तुम्ही बहिणीसारख्या. असं काहीतरी ऐकायलाच मी गेले होते बहुतेक.

मामांनी उरलेला पाला शेळीपुढं टाकला आणि हात झटकले.

"म्या सांगितलं असतं की पिशवी बाईनं दिली," ते म्हणाले, "तर कुनी खरं धरलं असतं का?" मग अजिबात राग न आणता त्यांनी विचारलं, "बाई, पिशवी दुसरीनं दिली असती, आन म्या तुमच्याकडं येऊन तिचं नाव सांगितलं असतं, तर तुमी तरी खरं धरलं असतं का?"

त्यांच्या डोळ्यांत माझी परीक्षा बघायचं काही नव्हतं, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मामी पदरानं पाट पुसत थांबल्या होत्या. मी त्या टपरीवरच्या सकाळची आठवण केली, झोपाळ्याची, चहाची, मेंढरांची, आणि त्यात माझी पिशवी काढून दुसऱ्या कुणाची तरी ठेवून बघितली.

"नाय," म्हटलं.

मामांनी मान हलवली आणि मामींना चहा टाकायला सांगितलं. या प्रकरणातला हा माझा तिसरा जबाब. हा कुणी लिहून घेतला नाही.